एकास सातशे

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कमिटीने मला भाषणाचं आमंत्रण दिलं तेव्हा त्यांची समजूत अशी होती की मी 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन' या विषयावर बोलेन. अडतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरं काय ऐकायचं? पण एफडीचे व्याजदर हल्ली तुम्हाला माझ्याआधी मोबाइलवर कळतात. तेव्हा मी सांगितलं, बोलायचंच असेल तर मॉडेल्सवर बोलतो. फॅशनवाल्या नव्हे. जहाजं, विमानं आणि रणगाडे यांच्या छोट्या, प्रमाणबद्ध प्रतिकृतींवर. आमच्या घरी सत्यनारायणाला किंवा पाणीपट्टीच्या तक्रारीला आलेल्या सगळ्यांनी हॉलमधलं काचेचं कपाट पाहिलेलं आहे. 'ही खेळणी नातवाची का?' असंही पुष्कळांनी विचारलेलं आहे. आज त्याचं उत्तर एकदाच देऊन टाकतो.

खेळणं आणि मॉडेल यांतला फरक एका शब्दात सांगायचा तर प्रमाण. एकास बहात्तर म्हणजे खऱ्या विमानाच्या प्रत्येक बहात्तर इंचांना मॉडेलवर एक इंच. हा बहात्तरचा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे साधा हिशेब आहे. बहात्तर इंच म्हणजे सहा फूट. सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. इंग्रजांनी इंच-फुटांत विचार करून ही प्रमाणं ठरवली, म्हणून फुटाला पाव इंच धरलं की एकास अठ्ठेचाळीस येतं. रणगाड्यांचा एकास पस्तीस हा आकडा मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. त्याची गंमत अशी की जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६१ साली जर्मन पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं, ते मोटरवर चालणारं होतं. आत बॅटरीचे सेल मावायला हवेत, एवढ्या मापाने रणगाडा केला. नंतर मोजलं तर ते साधारण एकास पस्तीस भरलं. आता जगभरचे कारखाने तेच प्रमाण धरतात. बँकेतही काही नियम असेच पडलेले होते. मूळ कारण कुणाला माहीत नाही, पण सर्क्युलर पक्कं.

ब्रिटनमध्ये एअरफिक्स कंपनीने १९५३ साली स्पिटफायर विमानाचं किट बाजारात आणलं आणि हा छंद सामान्य घरांत शिरला. पण त्याच्याही आधी, युद्धाच्या काळात, मॉडेल ही फार गंभीर गोष्ट होती. १९४२ साली अमेरिकी नौदलाने शाळेतल्या मुलांकडून लाकडी विमानांची पाच लाख मॉडेल्स मागवली. काळी रंगवलेली, एकास बहात्तर. कशासाठी? आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे तोफांवरच्या माणसांना शिकवण्यासाठी. पस्तीस फुटांवर टांगलेलं असं मॉडेल आणि अर्ध्या मैलावरचं खरं विमान डोळ्याला सारखंच दिसतं. पस्तीस गुणिले बहात्तर, मुलांनो, करून बघा. तर तुमच्याच वयाच्या पोरांनी शाळेत कानशीने घासून केलेल्या विमानांवर कुणाचा तरी जीव अवलंबून होता.

आता प्रत्यक्ष काम. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटी असतात, त्यांना शेंगा लागाव्यात तसे भाग लागलेले. या चौकटीला आम्ही स्प्रू म्हणतो. उतावळा माणूस भाग पिळून तोडतो आणि कडेला पांढरा ओरखडा पाडतो. कटरने, थोडं अंतर ठेवून कापायचं आणि उरलेला टवका सुरीने काढायचा. त्याआधी सगळं भांड्याच्या साबणाने धुवायचं, कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग जोडणी. मॉडेलचा सिमेंट हा डिंकासारखा चिकटवत नाही, तो प्लॅस्टिक थोडं विरघळवून दोन भाग एकजीव करतो. पातळ सिमेंट तर फटीच्या तोंडाला ब्रश टेकवला की आपोआप आत ओढला जातो. विमानाच्या काचेला मात्र फेविक्विकच्या जातीचं काही लावू नये. त्याच्या वाफेने काच धुरकट होते आणि पायलट मोतीबिंदू झाल्यासारखा दिसतो. मोतीबिंदूबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो, दोन्ही डोळ्यांचे झालेत.

जोड भरायचा, पॉलिशपेपर आधी चारशे नंबर, मग आठशे, मग हजार. पाण्यात बुडवून. हे कंटाळवाणं काम आहे, त्याला इलाज नाही. कॅशमध्ये नोटा मोजण्यासारखं आहे, मन दुसरीकडे गेलं की पुन्हा पहिल्यापासून.

रंगाबद्दल थोडं जास्त बोलू द्या, कारण तिथेच मॉडेल जगतं किंवा मरतं. खऱ्या विमानाच्या डब्यातला रंग जसाच्या तसा छोट्या विमानाला दिला तर तो गडद दिसतो. लांबची टेकडी निळसर फिकी दिसते ना, तसं. आपण छोटं मॉडेल बघतो म्हणजे खरं विमान लांबून बघतो, म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळावा लागतो. वर तिरंग्याची गोल निशाणी लावायची ती पाण्यात भिजवून सरकवायची पातळ फिल्म असते. ती मॅट रंगावर लावली तर खाली हवा अडकते आणि चांदीसारखी चकाकी उमटते. म्हणून आधी चकचकीत वार्निशचा हात, मग निशाणी, मग वरून मॅट. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर फवाऱ्याने रंग मारू नये, दमट हवेत वार्निशवर पांढुरका थर येतो. पावसाळ्यात मी फक्त कापतो आणि घासतो. शेतकऱ्यासारखाच माझाही हंगाम ठरलेला आहे, फक्त उलटा.

कपाटातलं सगळ्यात लहान विमान म्हणजे आपलं नॅट. खऱ्या विमानाच्या पंखांची रुंदी जेमतेम बावीस फूट, म्हणजे माझ्या हॉलपेक्षा थोडीशीच जास्त. बंगलोरला हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने ही विमानं बांधली. १९६५च्या युद्धात त्यांनी सेबर विमानांना असं दमवलं की 'सेबर स्लेयर' असं नाव पडलं. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना निर्मलजितसिंग सेखों ज्यात बसून उडाले ते नॅटच. वायुदलाला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. पण बाजारात मला जे किट मिळालं ते ब्रिटिशांच्या दोन आसनी प्रशिक्षण विमानाचं. आपलं एका आसनाचं. मागची खुर्ची काढली की झालं, असं होत नाही, कारण त्या विमानाचे पंखच मोठे आहेत, चोवीस फुटी. तेव्हा पंख कापून, पाठ पुट्टीने नव्याने घडवून, काच जुन्या पाणीबाटलीच्या प्लॅस्टिकची तापवून ओढून काढली. चार महिने गेले. सौ. म्हणाली, एवढ्या वेळात खरं उडवायला शिकला असतात.

सौ.चा खरा आक्षेप मात्र वेगळा होता आणि तो मी हसण्यावारी नेला नाही. ती म्हणायची, 'घरात देवघर आहे, पुस्तकं आहेत, त्यात हे रणगाडे कशाला? माणसं मारायची यंत्रं शोभेला का ठेवायची?' याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. जे आहे ते सांगतो.

१९९६च्या सुमारास माझी बदली नगरला होती. तिथलं रणगाडा संग्रहालय तेव्हा नवीनच, १९९४ साली सुरू झालेलं. कुटुंब इकडे, मी तिकडे, त्यामुळे रविवार मोकळा. वही, पेन्सिल घेऊन तासन् तास सेंचुरियन रणगाड्याभोवती फिरायचो. फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी तिथे कळल्या. टरेट म्हणजे वरचा फिरता बुरूज ओतीव पोलादाचा, त्याचा पृष्ठभाग भाकरीसारखा खरखरीत. किटमधला मात्र साबणवडीसारखा गुळगुळीत. पुट्टी पातळ करून आखूड केसांच्या ब्रशने ठोकत गेलं की तो खरखरीतपणा येतो. वेल्डिंगच्या रेघा जाड आणि वेड्यावाकड्या. बाजूला लटकणारे पत्रे ठिकठिकाणी चेपलेले. संग्रहालयातल्या रंगावर मात्र जाऊ नये. शोभेसाठी तो पुन्हा पुन्हा दिलेला असतो. लढाईतल्या रणगाड्याचा खरा रंग म्हणजे धूळ.

सेंचुरियन म्हणजे १९६५मध्ये फिलोराला लेफ्टनंट कर्नल तारापोर यांच्या पूना हॉर्स रेजिमेंटचे रणगाडे. त्याच रेजिमेंटचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पडला, त्याच्या सेंचुरियनचं नाव 'फामागुस्ता'. तो रणगाडा आज नगरलाच जपून ठेवलेला आहे. खेत्रपाल १९५० सालचा. मीही १९५० सालचा. तो गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि त्या आठवड्यात मी बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरत होतो. मी ते मॉडेल केलं. त्याला चिखल लावला, पत्रे चेपले, नाव रंगवलं. किटमध्ये वर डोकं काढून बसलेला एक सैनिक होता, तो बसवला नाही. झाकण बंद ठेवलं. सौ.ने ते मॉडेल बघितलं, काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून कपाटाची काच ती स्वतः पुसते. वाद मिटला असं नाही, अजूनही अधूनमधून होतो.

आता जहाज. भाषणाचं शीर्षक त्यावरून आहे.

आपली जुनी विक्रांत. मुलांनो, कोचीला बांधलेली, २०२२ साली नौदलात आलेली ती नवी. जुनीची जन्मकथा वेगळी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी 'हर्क्युलिस' नावाने बांधायला घेतलेली, १९४५ साली पाण्यात उतरवलेली आणि युद्ध संपल्यामुळे अर्धवट पडून राहिलेली. १९५७ साली भारताने विकत घेतली, बेलफास्टला पुरी झाली आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत नौदलात दाखल झाली. लांबी सातशे फूट. जहाजांच्या मॉडेलचं एक प्रचलित प्रमाण एकास सातशे. म्हणजे विक्रांत बरोबर एक फुटाची! पैचीही तफावत नाही. आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या माणसाला याचा किती आनंद झाला असेल, हे खात्यातली माणसंच समजू शकतील.

या मापात एक मिलिमीटर म्हणजे सत्तर सेंटीमीटर. माणूस अडीच मिलिमीटरचा. सी हॉक विमान सतरा मिलिमीटरचं, करंगळीच्या नखापेक्षा थोडं मोठं. डेकच्या कडेचे कठडे पितळेच्या पातळ पत्र्यातून कोरलेले येतात, ते चिमट्याने बसवताना श्वास रोखावा लागतो. कारण सुस्कारा सोडला की कठडा पलंगाखाली. डोलकाठीच्या तारांसाठी स्प्रूचा तुकडा मेणबत्तीवर मऊ करायचा आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढायचा. केसाहून बारीक तार निघते. हे मुलांनी मोठ्यांसमोरच करावं.

मला सगळं स्वतः करावं लागलं, पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्यातून आणि फोटोंवरून. आणि पहिला प्रश्न आला, कुठल्या तारखेची विक्रांत? ताळेबंदावर जशी 'अखेर' तारीख लागते तशी मॉडेललाही लागते. आपल्यापैकी पुष्कळांनी ती संग्रहालय झाल्यावर पाहिली. नौदल सप्ताहात आपण सोसायटीतर्फे दोन बस करून गेलो होतो, आठवत असेल. तेव्हा तिचं नाक वर उचललेलं होतं. तो सी हॅरियर विमानांसाठी १९८०च्या दशकात बसवलेला उतार. १९७१ साली तो नव्हता. तेव्हा वाफेच्या कॅटापल्टने विमानं फेकली जायची. मी डिसेंबर १९७१ची केली. डेक सपाट, वर सी हॉक आणि पाणबुड्या हुडकणारी अलिझे. ४ डिसेंबरला हीच सी हॉक कॉक्स बाजारवर गेली होती.

मॉडेल पाण्याच्या रेषेपर्यंतचं केलं होतं. वॉटरलाइन मॉडेल म्हणतात त्याला. समुद्राच्या पृष्ठभागावर जहाज दिसतं तेवढंच, खालचं पोट नाही. जपानी कारखान्यांनी १९७१ सालापासून हीच पद्धत रूढ केली आणि ती उत्तम आहे, टेबलावर जहाज खरंच तरंगल्यासारखं वाटतं.

आपल्या बी विंगमधले चीफसाहेब आज तिसऱ्या रांगेत बसलेत. त्यांची परवानगी घेऊनच सांगतोय. हे मालवणकडचे, नौदलात बॉयलर रूमला होते आणि १९७१ साली विक्रांतवरच होते. मॉडेल पुरं झाल्यावर मी त्यांना घरी बोलावलं. चष्मा वर-खाली करत त्यांनी दहा मिनिटं पाहिलं. रडारची जाळी बघितली, लिफ्ट बघितली, विमानं मोजली. मग म्हणाले, 'सगळा झकास असा, साहेब. पण आमी खंय?'

मला आधी कळलंच नाही. ते म्हणाले, बॉयलर रूम पाण्याच्या रेषेखाली. तुम्ही रेषेवर जहाज संपवलंत.

मग त्यांनी सांगितलं आणि मी ऐकत बसलो. जहाजाला चार बॉयलर. १९७१ साली त्यांतल्या एकाला तडा गेलेला होता, म्हणजे उरलेल्या तिघांवर काम चालवायचं. वेग कमी पडला की विमानं उडण्याची पंचाईत, कारण विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि वारा कमी असेल तर तो जहाजाने धावून निर्माण करायचा असतो. म्हणजे वर वैमानिक उडणार तो खालच्या लोकांनी वाफ धरून ठेवली तर. वर काय चाललंय ते खाली दिसत नाही. फक्त कॅटापल्टचा धक्का पोलादातून जाणवायचा. चीफसाहेब ते धक्के मोजत. गेली तेवढी परत आली का, हे मोजायला मात्र खाली काही साधन नव्हतं.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ला निवृत्त झाली. २०१२ साली संग्रहालय बंद झालं. जहाज वाचवावं म्हणून कोर्टापर्यंत प्रकरण गेलं, ते टिकलं नाही. २०१४ साली मुंबईच्या दारूखान्यात तिचे तुकडे करायला सुरुवात झाली. त्यातलं काही पोलाद बजाजच्या मोटरसायकलीत गेलं. तशी एक आपल्या पार्किंगमध्ये उभी आहे आणि तिच्या पेट्रोलच्या टाकीवर हात ठेवून चीफसाहेब कधीकधी उभे असतात, ते का, हे आता वॉचमनलाही कळेल. मी स्पष्ट बोलतो. जहाज जपणं खर्चिक असतं, पत्रा गंजतो, गोदीची जागा अडते, हे मला आकड्यांत समजतं. पण सोळा वर्षं नुसता विचार करत राहायचं आणि मग भंगाराच्या भावाने हिशेब मिटवायचा, हे मला पटलेलं नाही.

तर आता काय चाललंय ते सांगतो. विक्रांतचं पाण्याखालचं पोट साधारण चोवीस फूट. सातशेने भागलं की जेमतेम एक सेंटीमीटर. एवढाच भाग बाकी आहे. पाइनच्या पातळ फळ्या एकावर एक चिकटवून, कापून, घासून तो आकार आणतोय. उजव्या अंगाला एक खिडकी ठेवायची, आत चार बॉयलर. चीफसाहेबांनी मेंटेनन्सच्या बिलामागे नकाशा काढून दिलाय, कुठला बॉयलर कुठे, शिडी कुठे, पाणी प्यायचा नळ कुठे, आणि आपण कुठे उभे असायचो तिथे एक टिंब. त्या टिंबाच्या जागी अडीच मिलिमीटरचा माणूस उभा करायचा आहे.

माझा उजवा हात वर्षभर थोडा थरथरतो. घासायला चालतो, चिमटा धरायला चालत नाही. सी विंगमधली आपली नववीतली एक मुलगी आईबरोबर येऊन तीन रविवार बसतेय. मागचे कठडे तिने बसवलेत, माझ्या कठड्यांपेक्षा सरळ. दोन बॉयलर झालेत, तिसरा चालू आहे. तडा गेलेला कुठला, त्याबद्दल चीफसाहेब आणि त्यांच्या एका जुन्या सोबत्याचं फोनवर अजून एकमत व्हायचं आहे, म्हणून चौथा थांबवलाय.

कमिटीने क्लबहाउसमधलं कॅरमच्या शेजारचं टेबल रविवारी चार ते सहा आम्हाला दिलं आहे. येणाऱ्याने एक जुना टूथब्रश, एक नेलकटर आणि रद्दीचे चार कागद आणावेत. दहा वर्षांखालच्यांनी पालकांसह यावं, सुरी आणि सिमेंट मी देईन. आणि कृपा करून तेवढे दोन तास टेबलावरचा पंखा लावू नये.